मूठ एकीकडे, चाकं दुसरीकडे: ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ज्यांनी हायड्रॉलिक स्टिअरिंगचं काम करून घेतलंय त्यांच्यासाठी हा कागद आहे, ट्रॅक्टरच्या कागदपत्रांसोबतच ठेवा आणि ड्रायव्हर वेगळा असेल तर त्यालाही वाचायला द्या.

सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीचे येतात. "काल चाकं सरळ असताना स्टिअरिंगची मूठ डाव्या हाताला होती, आज उजवीकडे आलीय, आत काहीतरी निसटलंय बहुतेक." काही निसटलेलं नाही. जुन्या साध्या स्टिअरिंगमध्ये तुमच्या हातापासून चाकापर्यंत सगळं लोखंड होतं, ह्यात मधे फक्त ऑइल आहे. दांड्याच्या खाली जो व्हॉल्व असतो, ज्याला आम्ही ऑर्बिट्रॉल म्हणतो, तो तुम्ही फिरवाल तेवढं ऑइल मोजून पुढच्या एक्सलवरच्या सिलिंडरला पाठवतो. समजा १०० सीसीचा व्हॉल्व आहे तर एका फेऱ्यात १०० सीसी ऑइल जाणार. त्यातलं थोडंसं आतल्या आत झिरपतंच, नवीन असला तरी, म्हणून मूठ हळूहळू जागा बदलते. चाक सरळ आहे का ते मुठीवरून ठरवू नका, खाली चाकाकडे बघा. पण सरळ डांबरी रस्त्यावर सारखं एकाच बाजूला ओढून धरावं लागत असेल, किंवा चाक टोकाला जाऊन अडलं तरी स्टिअरिंग हलकं हलकं फिरतच राहत असेल, तर मात्र झिरपणं वाढलंय, सिलिंडरचं सील नाहीतर व्हॉल्व बघायला लागेल.

दुसरं, इंजिन स्लो असताना झटकन फिरवलं की जड लागतं, त्यात बिघाड नाही. पंप इंजिनवर चालतो. ८ सीसीचा पंप ८०० आरपीएमला मिनिटाला साधारण साडेसहा लिटर ऑइल देतो, आणि १०० सीसीचा व्हॉल्व तुम्ही सेकंदाला एक फेरा असा फिरवलात तर त्याला लागतं ६ लिटर, म्हणजे पंप जरा जरी झिजलेला असला तरी कमी पडणार. चिखलणीत वाफ्याच्या कोपऱ्यात वळताना जरा रेस ठेवा नाहीतर सावकाश फिरवा.

आता कळकळीने सांगतो ते हे. उतारावर इंजिन बंद करू नका. मागे ट्रॉलीत चिरे भरलेत, घाटी उतरतेय, डिझेल वाचवायला न्यूट्रल करून चावी फिरवली, हे आपल्याकडे अजून करतात लोक. इंजिन बंद झालं की पंप बंद, मग व्हॉल्व हातपंपासारखा चालतो, म्हणजे स्टिअरिंग फिरतं पण सगळा जोर तुमच्या दंडाचा, आणि जांभ्याच्या खड्ड्यातून भरल्या ट्रॉलीसकट चाक वळवायला तो जोर पुरत नाही. वर गिअर काढल्यामुळे इंजिनाचा ब्रेकही गेलेला असतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

स्टिअरिंग टोकाला गेल्यावर किर्रर्र आवाज येतो तो रिलीफ व्हॉल्वचा, म्हणजे जादा प्रेशर सोडून देणाऱ्या व्हॉल्वचा. आवाज आला की जरा मागे सोडा, तसंच दाबून धरलं तर ऑइल तापतं आणि पंप खराब होतो.

आपल्या किनाऱ्याचं दुखणं वेगळंच आहे, खारी हवा. सिलिंडरचा चकचकीत रॉड उघडा असतो, त्यावर गंजाचे बारीक ठिपके पडले की तो प्रत्येक वळणाला कानशीसारखा सील घासतो, मग आपण सील बदलतो आणि दोन महिन्यांत परत गळती सुरू. होड्या ओढायला ट्रॅक्टर पुळणीवर नेत असाल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, रॉड पुसून ऑइलचा हात फिरवा. लावणी झाल्यावर ट्रॅक्टर खोपीत उभा राहणार असेल तर रॉड जेवढा आत जाईल तेवढा आत घेऊन ठेवा, आणि होज, म्हणजे ऑइलचे रबरी पाइप, बघत जा, उंदीर कुरतडतात. पावसात स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं की पाणी जातं, ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं की समजा पाणी शिरलं, ते ऑइल बदलायचंच. नुसता फेस असेल तर हवा आहे, बहुतेक ऑइल कमी झालेलं असतं, भरा, पुढची चाकं जॅकवर उचला आणि इंजिन स्लो ठेवून दोन्ही टोकांना सावकाश फिरवत हवा काढा, मधे मधे लेव्हल बघत.

जोडाला टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे तुकडे व्हॉल्वमध्ये अडकतात. आणि गळती कुठे आहे ते चालू इंजिनात बोटाने चाचपू नका, आत १०० बारच्या वर प्रेशर असू शकतं, बारीक धार कातडीत घुसते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. पुठ्ठा धरून बघा.

फोन कराल तेव्हा एवढं बघून ठेवा, जड एकाच बाजूला लागतं की दोन्ही, आणि सकाळी गार असताना की तासभर काम झाल्यावर. तापल्यावर जड म्हणजे बहुतेक पंप नाहीतर व्हॉल्व झिजलाय, एकाच बाजूला जड असेल तर आम्ही आधी पुढचा एक्सल आणि सिलिंडर बघतो. आणि जमलं तर मे महिन्यातच आणा, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळे एकदम येतात आणि मग घाईत काम नीट होत नाही.