गावाला मुंबईचा पैसा: वर्गणीच्या वहीपासून सीएसआरपर्यंत

लालबाग-परळच्या चाळींत गावागावाच्या खोल्या होत्या, तेव्हा गावच्या शाळेचं छप्पर, देवळाचा सभामंडप, विहिरीचा कठडा असल्या कामांचा पैसा तिथूनच निघायचा. गिरणीचा पगार झाला की वर्गणी, वहीत नोंद, आणि गणपती-शिमग्याला गावी गेल्यावर हिशेब. कोकणातल्या कितीतरी पाट्यांवर ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ हे शब्द अजून दिसतात. याला कुणी अनुदान म्हणत नसे. देणारा आणि घेणारा एकाच वाडीतले, त्यामुळे काम फसलं तर चिटणीसाला तोंडावर ऐकावं लागायचं. जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला, पगार थांबले आणि अनेकांची वर्गणीही.

शेटांचा धर्मादाय वेगळ्या वाटेनं चालला होता. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. पाणपोई आणि धर्मशाळेपलीकडे जाऊन संस्थांना पैसा द्यायचा, ही रीत अशा न्यासांनी रुजवली. समाजकार्य शिकवणारी संस्थाही (आजची ‘टिस’, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) दोराबजी ट्रस्टच्या पैशातून १९३६मध्ये मुंबईतच उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आला आणि धर्मादाय आयुक्त (न्यासांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) हा शब्द मंडळांच्या तोंडी बसला. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, वर्ष सरलं की लेखापरीक्षण. लहान मंडळांना हा जाच वाटला. तरी वही बाहेरच्या माणसाला दाखवायची सवय लागली ती इथूनच.

गावानं ठरवायचं आणि बाहेरच्यानं फक्त पैसा पुरवायचा, हा प्रयोग माझ्या मते सर्वांत नीट झाला तो पाणलोटाच्या कामात. जर्मनीचा निधी आणि इथे नाबार्ड (शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक), अशी इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची जोडी होती. नाबार्ड स्थापन झाली १९८२मध्ये, तिचं मुख्यालयही मुंबईतच. पण या कार्यक्रमात पैशाआधी अटी होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी सत्तरीच्या दशकापासून हेच रुजवलं होतं. मग शिवारफेरी, बांधाबांधावर शेतकऱ्यासोबत आखणी, आणि कामाच्या खर्चाचे व्यवहार ग्राम पाणलोट समितीच्या हाती. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी यातूनच नावारूपाला आली. चराईबंदीचा पहिला फटका मात्र शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना बसतो. ‘लोकसहभाग’ या गोड शब्दात ते भांडण झाकलं जातं.

पुढचा इतिहास मुख्यतः कायद्यांचा. परदेशी देणग्यांचा कायदा १९७६चा, नवा २०१०चा. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनं परदेशी देणगी एका संस्थेनं दुसरीकडे वळती करायलाच बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. तोवर मुंबईतली मोठी संस्था निधी आणायची आणि तालुक्यातल्या लहान संस्थेला वाटून द्यायची. ती साखळी तुटली.

दुसरीकडे कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चायची; हाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. पैसा वाढला, यात शंका नाही. पण कलमातच ‘स्थानिक परिसराला प्राधान्य’ आहे, म्हणजे जिथे कारखाना तिथला परिसर आधी. कारखाना नसलेल्या तालुक्यानं काय करायचं? त्यात २०२१पासून कंपनीचा पैसा घेऊन काम करणाऱ्या बाहेरच्या संस्थेला प्राप्तिकर कायद्याखालच्या १२ए, ८०जी आणि कंपनी खात्याकडची सीएसआर-१ अशा नोंदण्या लागतात. गावच्या समितीकडे यातलं सहसा काहीच नसतं. मग मधे शहरातली, अर्ज लिहिता येणारी संस्था येते आणि ‘गावाची गरज’ तिच्या सादरीकरणात ठरते.

सर्वांत नवं दार सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे शेअर बाजारातल्या सामाजिक संस्थांसाठीच्या विभागाचं. तिथे ना-नफा संस्था शून्य मुद्दल, शून्य व्याजाचे (म्हणजे पैसे परत न मिळणारे) रोखे काढून देणगी उभी करू शकते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं उभारणीची किमान रक्कम १ कोटीवरून ५० लाखांवर आणली. पण वाडीला हवा असतो तो बहुतेक वेळा एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च.