लिदित्से आणि लेझाकी: एक गाव, एक वाडी

चेक प्रजासत्ताकातल्या या दोन्ही ठिकाणांची नावं एका दमात घेतली जातात आणि मग सर्रास एकमेकांत मिसळतात. दोन्हीकडची राखरांगोळी जून 1942 मधली, कारणही एकच: नाझी अधिकारी हाइड्रिखवर 27 मे रोजी प्रागमध्ये झालेला हल्ला. पण फरक पाहिला तर बराच मोठा आहे.

लिदित्से प्रागच्या वायव्येला, क्लादनो जिल्ह्यात. इथे हल्लेखोरांना कुणी आसरा दिला नव्हता. एका पत्रावरून संशय आला आणि गावातल्या दोन घरांतले मुलगे ब्रिटनमध्ये सैन्यात होते, एवढ्यावर 10 जूनला 173 पुरुषांना होराक यांच्या वाड्याजवळ गोळ्या घातल्या. बायका रावेन्सब्रूकच्या छळछावणीत गेल्या. 82 मुलं खेल्मनोला, पोलंडमधल्या नाझी मृत्युछावणीत, गॅसने मारली. घरं पाडून भागलं नाही. कबरस्तान उकरलं, तळं बुजवलं, ओढ्याचा प्रवाहही वळवला. गाव नकाशावरून पुसायचं म्हणजे काय, ते इथे अक्षरशः केलं गेलं.

लेझाकी पूर्वेला, ख्रुदिम जिल्ह्यात. हे मुळात गावही नव्हतं. चेक लोक अशा वस्तीला ‘ओसादा’ म्हणतात, आपल्या भाषेत वाडी. आठ-नऊ घरं आणि त्यात एक गिरणी. इथे मात्र संबंध खरा होता. ब्रिटनमधून पॅराशूटने उतरलेल्या चेक सैनिकांच्या ‘सिल्व्हर ए’ गटाचा रेडिओ ट्रान्समीटर, ‘लिबुशे’, जवळच्या ह्लुबोका दगडखाणीत लपवलेला होता आणि वाडीतली माणसं मदत करत होती. 24 जूनला 33 प्रौढांना पार्दुबित्सेला नेऊन मारलं, बायकांनाही. तेरा मुलांपैकी दोन बहिणीच वाचल्या.

लिदित्सेच्या 143 बायका युद्धानंतर परतल्या आणि जुन्या जागेजवळच 150 घरांचं नवं गाव बांधलं गेलं. जुन्या जागेवर आज कांस्याची 82 मुलं उभी आहेत. 42 मुली, 40 मुलगे. लेझाकीला परतून संसार मांडायला कुणी उरलंच नव्हतं. वाडी बांधली नाही. घरांच्या जागी दगडी स्मारकं आहेत.

कारभारातही तोच फरक दिसतो. लिदित्से ही ‘ओबेत्स’, म्हणजे स्वतःचा कारभार असलेली ग्रामसंस्था. दर चार वर्षांनी मतदार प्रतिनिधी निवडतात आणि ते प्रतिनिधी आपल्यातला एक ‘स्तारोस्ता’ नेमतात. सरपंच म्हणा, पण थेट जनतेतून आलेला नव्हे. सभेत पंधरापेक्षा कमी सदस्य असतील तर वेगळी कार्यकारी समितीच नसते. लेझाकीचा कारभार मात्र मिर्झेतित्से ओबेत्सकडे. लेझाकीत आज मतदारच नाहीत.