साखर किती नव्हे, साखर का: गॅड तपासणीची पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजीच्या कलेक्शन सेंटरवर माझा मामेभाऊ सकाळी साडेसातला उपाशीपोटी जाऊन बसला होता. वय ३८, अंगकाठी बारीक, घरात कुणाला मधुमेह नाही. दोन वर्षं गोळ्या चालू. आधी मेटफॉर्मिन, मग ग्लिमेपिराइड, मग त्यावर तिसरी. ‘पथ्य पाळत नाही’ हा शिक्का मात्र पहिल्या महिन्यापासून बसलेला. वजन आठ किलोंनी उतरलं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन नवी नावं लिहिली: गॅड-६५ अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलंय का, त्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतंय, त्याची खूण). रक्त घेणारी मुलगी गॅडवर बोट ठेवून म्हणाली, “दादा, याच्यासाठी उपाशी यायची गरज नव्हती हो. यात साखर बघतच नाहीत.”

खरंच बघत नाहीत. साखर का वाढली, एवढंच ही तपासणी विचारते. आणि मधुमेहाच्या गोष्टीत हा ‘का’ फार उशिरा आला. इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये दिलं गेलं. म्हणजे औषध आधी सापडलं, आणि ते नेमकं कशामुळे लागतं हे पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये एवढं दाखवलं की काही रुग्णांचं शरीर इन्शुलिनला चटकन दाद देतं, काहींचं देत नाही. आजार एक नसून दोन असावेत, ही शंका तिथली. पण दवाखान्यांत विभागणी राहिली ती वयावर: मुलांचा आणि मोठ्यांचा. माझ्या भावाला दोन वर्षं गोळ्यांवर ठेवणारा हिशोब तोच, फक्त ऐंशी वर्षं जुना.

अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, परक्या गोष्टीला धरायला शरीर बनवतं ती प्रथिनं, या कहाणीत शिरली ती चुकीच्या दारातून. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका सरकारी रुग्णालयात सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्शुलिन लोकांना टोचून ते रक्तात किती वेळ टिकतं ते मोजत होते. मधुमेह्यांच्या शरीरात ते झटपट नष्ट होत असणार, असा त्या वेळचा एक तर्क होता. निघालं उलटंच. जे आधीपासून इन्शुलिन घेत होते त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळायचं, कारण प्रतिपिंडांनी ते धरून ठेवलेलं असायचं. एवढ्याशा प्रथिनाविरुद्ध माणूस प्रतिपिंडं बनवतो, हे तज्ज्ञांना पटेना. १९५६ चा तो शोधनिबंध आधी नाकारला गेला, आणि शीर्षकातून ‘इन्शुलिन अँटिबॉडी’ हे शब्द काढल्यावरच छापून आला. यॅलोबाईंनी नकाराचं ते पत्र जपून ठेवलं आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात लोकांसमोर ठेवलं. बर्सन तोवर गेले होते.

त्या निरीक्षणातूनच रेडिओइम्युनोअॅसे ही किरणोत्सारी खूण आणि प्रतिपिंडं वापरणारी मोजणीची पद्धत उभी राहिली. तिचा एक धागा आपल्या खाडीपलीकडेही येतो. वाशीच्या सेक्टर २० मध्ये अणुऊर्जा विभागाचं ‘ब्रिट’ हे किरणोत्सार-तंत्रज्ञान मंडळ आहे. थायरॉईडच्या संप्रेरकांसाठी याच तत्त्वावरची किट तिथे तयार होत आली. शेजारून रोज जाणाऱ्या किती वाशीकरांना हे ठाऊक असेल, कुणास ठाऊक.

पण ब्राँक्समध्ये सापडलेली प्रतिपिंडं बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनविरुद्धची होती. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठतं, हा विचार १९५६ मध्येच थायरॉईडच्या बाबतीत लंडनमध्ये पुढे आला, आणि त्यात डेबोरा डोनियाक होत्या. १९६५ मध्ये ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी मधुमेह जडल्यावर लवकरच दगावलेल्या २२ रुग्णांची स्वादुपिंडं तपासली. त्यांतल्या १५ जणांमध्ये इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांभोवती पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. मग १९७४ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात जियान फ्रँको बोटाझो यांनी डोनियाकबाईंबरोबर काम करताना पहिल्यांदा बेटांविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली.

ती तपासणी कशी होती हे ऐकलं की आजची ट्यूब फारच सोपी वाटते. मानवी स्वादुपिंडाचा गोठवलेला, कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर रुग्णाचा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टाकायचा, मग चमकणारा रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, आणि सूक्ष्मदर्शकातून बेटं हिरवी उजळतात का ते डोळ्यांनी पाहायचं. स्वादुपिंड मिळायचं ते मृत व्यक्तीचं, आणि शक्यतो ओ रक्तगटाचं. एका प्रयोगशाळेचा काप दुसरीच्या कापासारखा नसे, म्हणून एकच नमुना इथे पॉझिटिव्ह तर तिथे निगेटिव्ह. असलं काम नौपाड्याच्या सेंटरपर्यंत कधीच पोचलं नसतं.

तरी त्याच कापांनी एक मोठी गोष्ट सांगितली. रुग्णांच्या भावंडांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या बार्ट्स-विंडसर अभ्यासातून १९८१ मध्ये दिसलं की साखर वाढायच्या कितीतरी वर्षं आधी ही प्रतिपिंडं रक्तात हजर असतात. ‘अचानक मधुमेह झाला’ हे आपण म्हणतो तेवढंच. आत पडझड आधीपासून चालू असते.

बेटांमधल्या नेमक्या कुठल्या प्रथिनावर हा रोख आहे? १९८२ मध्ये स्टाइनन बेकेस्कोव्ह यांना ६४,००० डाल्टन रेणुवजनाचं एक प्रथिन सापडलं, पण ते काय आहे ते आठ वर्षं उलगडलं नाही. उलगडा झाला तो मज्जासंस्थेच्या एका दुर्मीळ आजारातून. ‘स्टिफ मॅन’ सिंड्रोममध्ये स्नायू लाकडासारखे ताठरतात. अशाच एका रुग्णाला मधुमेहही होता. येल विद्यापीठात त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं ग्लुटामिक अॅसिड डीकार्बोक्झिलेज या एन्झाइमवर, म्हणजे गॅडवर जाताना दिसली. मेंदूत संदेश शांत करणारं गाबा हे रसायन बनवणारं हे एन्झाइम इन्शुलिनच्या पेशींतही असतं. १९९० मध्ये जुळणी झाली: ते ६४ हजारवालं प्रथिन गॅडच होतं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतो तो हाच वळसा. मधुमेहाची तपासणी शेवटी एका ताठरलेल्या पाठीने मिळवून दिली.

पुढचं भराभर झालं. रुग्णाच्या स्वतःच्या इन्शुलिनविरुद्धची प्रतिपिंडं इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीच असू शकतात, हे १९८३ मध्येच कळलं होतं. नव्वदच्या दशकात आयए-२ हे प्रतिपिंडांचं आणखी एक लक्ष्य सापडलं, २००७ मध्ये झिंक वाहून नेणारं झेडएनटी-८. गॅडचं प्रथिन प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं आणि मृत माणसाच्या स्वादुपिंडाची गरज संपली. आता आपल्याकडच्या नमुन्यातला फिकट पिवळा सीरम थंड डब्यात ठेवून मोटारसायकलवरून कळव्याच्या पुलावरून, विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या कोंडीतून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागतो. तिकडच्या मोठ्या लॅबमध्ये छोट्या खळग्यांची प्लेट असते, खळग्याच्या तळाला गॅड चिकटवलेलं. प्रतिपिंडाला दोन हात असतात. एका हाताने ते तळाचं गॅड धरतं, दुसऱ्याने वरून सोडलेलं खूण लावलेलं गॅड. दोन्ही हात गुंतले तरच रंग येतो.

प्रतिपिंडं असलेल्या, मोठ्या वयात येणाऱ्या या मधुमेहाला १९९३-९४ च्या सुमारास ‘लाडा’ (लेटंट ऑटोइम्यून डायबेटिस इन अडल्ट्स) हे नाव पडलं. नाव लाडाचं, बाकी काही लाडाचं नाही. ब्रिटनच्या मोठ्या यूकेपीडीएस अभ्यासात टाइप २, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही तो मधुमेह, म्हणून नोंदलेल्या सुमारे दहा टक्के रुग्णांत गॅड प्रतिपिंडं निघाली, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ‘इन्शुलिनवर अवलंबून’ आणि ‘अवलंबून नसलेला’ ही नावं सोडून कारणावर आधारलेलं वर्गीकरण स्वीकारलं. वय आणि औषध मागे पडलं, निदान कागदावर तरी.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे आकडे युरोपातले आहेत. आपल्याकडे बारीक अंगाचा टाइप २ भरपूर दिसतो, स्वादुपिंडात खडे होऊन येणारा मधुमेह दिसतो, एकाच जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा ‘मोडी’ही दिसतो. त्यामुळे बारीक माणूस म्हणजे गॅड असणारच, असं नाही. उलट रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून टाइप १ (ज्यात इन्शुलिनच्या पेशीच नष्ट होतात) नाहीच, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी म्हणूनच टाइप १ ओळखायला जनुकांवरून काढलेला गुणांक भारतीय रुग्णांवर तपासून पाहिला. आणि सरसकट सगळ्यांची गॅड करण्यातही अर्थ नाही. ९९ टक्के नेमकी तपासणी हजार सरळसाध्या टाइप २ रुग्णांवर केली तरी दहा जण खोटे पॉझिटिव्ह येतील आणि दहा घरांत विनाकारण घबराट. शिवाय प्रतिपिंडं स्वतः पेशी मारत नाहीत. ते काम टी-पेशी या पांढऱ्या पेशींचं. प्रतिपिंडं म्हणजे पंचनाम्याचा कागद.

भावाचा रिपोर्ट पाच दिवसांनी मोबाइलवर आला. गॅड मर्यादेच्या कितीतरी वर, सी-पेप्टाइड तळाला. गोळ्यांची यादी आखडली आणि इन्शुलिन सुरू झालं. सोबत थायरॉईडची तपासणीही लिहून दिली, कारण हे दोन आजार पुष्कळदा जोडीने येतात. ‘पथ्य पाळत नाही’ हे मात्र जुन्या फाइलमध्ये अजून तसंच आहे.

आता घरात चर्चा त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीची. दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडं असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो, असं २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. इटलीने २०२३ मध्ये मुलांच्या तपासणीचा कायदाच केला. साखर वाढायला लागलेल्या पण लक्षणं नसलेल्या अशा रुग्णांत आजार पुढे ढकलणारं टेप्लिझुमॅब अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं, वय आठ आणि त्यापुढच्यांसाठी. तरी बाप आजारी असलेल्या बहुतेक मुलांना हा मधुमेह कधीच होत नाही. वहिनी अजून ठरवते आहे. मामीने तेवढ्यात विचारून घेतलं, “मग पोरीचे लाडू बंद करू का?”

“आई, लाडवांचा याच्याशी काही संबंध नाही,” भाऊ म्हणाला, आणि पोट चिमटीत धरून जेवणाआधीची सुई टोचून घेतली.