अडकित्त्याने कापलेली गोळी

पंचवटीतली माझी मावशी सुपारी खात नाही, तरी तिचा अडकित्ता एक दिवसाआड बाहेर निघतो. असेनोकूमारॉलची इवलीशी गोळी ती त्याने मधोमध कापते. आज अख्खी, उद्या अर्धी. उरलेला तुकडा कुंकवाच्या रिकाम्या डबीत. कधी तुकडा मोठा पडतो, कधी नुसता चुराच हाती येतो. औषधाच्या चाचण्यांत या डबीचा हिशेब कुणी धरत नाही.

लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयातली मायट्रल झडप अरुंद झाली आणि पुढे ठोक्यांचा ताल गेला. एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते थरथरत राहतात. तिथे रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. म्हणून असेनोकूमारॉल, ‘रक्त पातळ करायची गोळी’. रक्त पातळ होत नाही, गोठायला जास्त वेळ लागतो एवढंच. पण बोलण्यात पातळच.

किती वेळ लागतो ते आयएनआर ही रक्ततपासणी सांगते; आकडा जितका मोठा तितका वेळ जास्त. मावशीचा आकडा २ ते ३ च्या मधे हवा. परवाच्या हिवाळ्यात तो १.४ वर आला. गोळी एकदाही चुकली नव्हती. मग स्वयंपाकघराची चौकशी केली, तर मेथी स्वस्त झाली म्हणून रोज मेथी: भाजी, पराठे, वरणफळात सुद्धा. गोठण्याचे घटक तयार करायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं, आणि हे औषध त्याच व्हिटॅमिनच्या पुनर्वापरात खोडा घालतं. पालेभाजी वाढली की खोडा अपुरा पडतो. “पाल्याने कधी कुणाचं वाईट झालंय का रे?” मावशी. वाईट नाहीच. मेथी सोडायची नाही, दर आठवड्याला साधारण सारखी ठेवायची.

उलटंही झालं. जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून कुणालाही न विचारता मेट्रोनिडाझोल आणलं आणि चार दिवसांत हिरड्यांतून रक्त. ती गोळी असेनोकूमारॉलचा शरीरातून निचरा मंदावते. गुडघेदुखीसाठी घेतलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही या औषधाबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवतं.

मग आयएनआर तपासायची गरज नसलेल्या नव्या गोळ्या का नाहीत? पुष्कळांना त्या उत्तम लागू पडतात. पण संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांवर २०२२ मध्ये इन्व्हिक्टस चाचणीचे निकाल आले. सुमारे साडेचार हजार रुग्ण, त्यांत भारतातलेही. रिव्हॅरॉक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या, कटकटीच्या औषधांवरच्या गटात मृत्यू कमी होते. मला हा निकाल फार आवडतो, कारण नवं ते चांगलं असं धरून चालणाऱ्यांना तो जमिनीवर आणतो.

ताल सुधारणाऱ्या औषधांचा इतिहास याहून कठोर आहे. हार्ट अटॅकनंतर काहींच्या ईसीजीत मधेच जादा ठोके दिसतात. ते दाबले की माणूस वाचेल, हे कुणालाही पटेल. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ते मस्त दाबायची. कास्ट चाचणीचे आकडे १९९१ मध्ये छापले गेले: औषधावरच्या ७५५ पैकी ६३ दगावले, औषध नसलेल्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६. कागदावरची रेघ सुधारली आणि माणसं गेली. फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, पण ज्यांच्या हृदयात दुसरा बिघाड नाही अशांसाठी.

अमिओडॅरोन त्या मानाने भरवशाचं, पण त्याचं बिल उशिरा येतं. वजनाच्या ३७ टक्के आयोडीन! २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या ५०० पट. सगळं सुटं होत नाही, तरी थायरॉइड हलायला पुरतं. औषध चरबीत मुरतं, बंद केल्यावरही महिनोन्‌महिने अंगात राहतं. म्हणून थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने करायच्या, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर फुप्फुसांकडे बघायचं. गोदाघाटावर उन्हात फिरायला जाणाऱ्यांची कातडीही त्याने भाजल्यासारखी होऊ शकते.

असे त्रास रुग्ण स्वतःही कळवू शकतो. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आहे, फोन १८००-१८०-३०२४.

आणि नाशकातला हमखास प्रश्न: द्राक्षं चालतात का? अमिओडॅरोनला वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाच्या कुळातलं आंबटसर मोठं फळ. नावात ग्रेप आल्याने घोळ होतो. मावशीच्या शेजारचे काका त्या घोळापायी सबंध हंगाम द्राक्षांना शिवले नाहीत, आणि मळा त्यांचा स्वतःचा.