ग्रंथालय अनुदानासाठीचा पाठपुरावा (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे परिरक्षण अनुदान (ग्रंथालय चालवण्याच्या खर्चासाठी शासन देते ती रक्कम) वाढावे, यासाठी महाराष्ट्र राज्य ग्रंथालय संघ, विभागीय व जिल्हा ग्रंथालय संघ आणि कर्मचारी संघटना मंत्री व विधिमंडळ सदस्यांकडे सातत्याने जे प्रयत्न करतात, त्यांचा या नोंदीत विचार केला आहे.

या प्रयत्नांचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. 1948 च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर (ग्रंथालयांसाठीचा जादा कर) बसवला आणि ग्रंथालयांना स्वतःचे उत्पन्न मिळवून दिले. त्या कायद्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन आणि 1928 मध्ये स्थापन झालेला मद्रास ग्रंथालय संघ यांचे दीर्घ परिश्रम होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 हा 1 मे 1968 पासून अमलात आला. त्यात मात्र उपकराची तरतूद नाही. शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये द्यावेत, एवढेच बंधन त्यात घातले गेले. त्यापलीकडची सर्व रक्कम अर्थसंकल्पावर, म्हणजे त्या त्या सरकारच्या इच्छेवर अवलंबून राहिली. शिवाय राज्यातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये शासनाची नसून गावोगावच्या नोंदणीकृत संस्थांनी चालवलेली आहेत. त्यांना ग्रंथालय संचालनालय मान्यता देते आणि अ (सर्वांत वरचा), ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते. महागाईबरोबर अनुदान आपोआप वाढत नसल्याने प्रत्येक वाढीसाठी संघाला मंत्रालयाची पायरी चढावी लागते.

राज्य ग्रंथालय परिषदेवर संघांचे प्रतिनिधी असतात, पण परिषद ही सल्लागार स्वरूपाची असल्याने तेवढ्याने काम भागत नाही. म्हणून शिष्टमंडळे निवेदने घेऊन संबंधित मंत्र्यांना भेटतात, आपल्या भागातील आमदारांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडण्याची विनंती करतात, वार्षिक अधिवेशनात ठराव संमत करतात आणि विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना मुंबईत आझाद मैदानावर किंवा नागपुरात धरणे व मोर्चे काढतात. आश्वासन मिळाले तरी शासन निर्णय निघून पैसे प्रत्यक्ष खात्यात येईपर्यंत पाठपुरावा चालूच ठेवावा लागतो.

2012-13 मध्ये अनुदानात 50 टक्के वाढ झाली. त्यानंतरची 60 टक्के वाढ 2022-23 पासून लागू झाली, म्हणजे मध्ये एक संपूर्ण दशक गेले. या वाढीने जिल्हा पातळीवरील 'अ' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 7,20,000 रुपयांवरून 11,52,000 रुपयांवर, तर 'ड' वर्गाचे 30,000 रुपयांवरून 48,000 रुपयांवर गेले. 'ड' वर्गाच्या वाट्याला या वाढीनंतरही महिन्याला 4,000 रुपयेच आले. ग्रंथपालाचे मानधन, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे, वीज आणि जागेचे भाडे हे सारे त्यातच बसवावे लागते. लहान गावातील वाचनालय टिकते ते बहुधा ग्रंथपालाच्या पदरमोडीमुळे, आणि ही गोष्ट कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती हा यातील सर्वांत जुना आणि सर्वांत कमी पुढे सरकलेला प्रश्न आहे. त्यासाठी नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी अमलात आणाव्यात, ही मागणी संघटना आजही करतात. 2012 मध्ये झालेल्या ग्रंथालयांच्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना वर्गबदल (वरच्या वर्गात बढती) मिळणे थांबले, तेव्हापासून त्याही मागण्या निवेदनांत येऊ लागल्या.