निर्माल्य नदीत कुजतं तेव्हा

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात म्हात्रे पुलावर एक गृहस्थ स्कूटर लावून उभे होते. कठड्यावरच्या जाळीला कोपऱ्यात भगदाड पडलं होतं. तिथून त्यांनी हार, दुर्वा, केळीची पानं आणि उरलेलं पंचामृत मुठा नदीत सोडलं, रिकामी पिशवी नीट घडी घालून डिकीत ठेवली. मी थांबून विचारलं, तर म्हणाले, "प्लॅस्टिक नाही टाकलं हो. फुलंच आहेत, कुजून जातील."

त्यांचं म्हणणं खरं आहे. फुलं कुजतातच, आणि नदीचा जीव त्या कुजण्यातच जातो. शाळांमधून, सोसायट्यांमधून आपण 'प्लॅस्टिक वाईट, कुजणारं चांगलं' एवढंच शिकवलं आणि धडा अर्ध्यावर सोडला. पुढचा अर्धा असा आहे.

कुजणं म्हणजे जिवाणूंचं जेवण. जेवताना त्यांना ऑक्सिजन लागतो आणि पाण्यात तो फारच थोडा असतो. ३० अंश तापमानाला १ लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच पाण्यात मात्र जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम विरघळतो. माशांना, खेकड्यांना, किड्यांना त्यावरच भागवावं लागतं. म्हणून कचऱ्याचं मोजमाप किलोत न करता तो कुजायला किती ऑक्सिजन खाईल यावर करतात. त्याला बीओडी म्हणतात. आपल्याकडे पाण्याचा नमुना २७ अंशांवर ३ दिवस अंधारात ठेवून तो मोजतात. आंघोळीलायक नदीत बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा निकष आहे.

आता दूध घ्या. त्याचा बीओडी लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे १ लिटर दूध पुरतं कुजायला १०० ग्रॅम ऑक्सिजन हवा. हिशेब केला तर तो १३ हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन झाला. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या लिटरची एक पिशवी दूध त्याच्या अर्ध्याहून जास्त पाण्याचा श्वास संपवते. नदीला दूध वाहिल्याने पुण्य लागतं, असं सांगणाऱ्याने ही बेरीज एकदा स्वतः करावी. मोरीत ओतलेलं नासकं दूध, भाताची पेज, आमटीचं खरकटं यांचाही हिशेब असाच.

या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आता सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करणाऱ्या स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये एक समीकरण मांडलं. नदीत एकाच वेळी दोन गोष्टी चालतात. जिवाणू ऑक्सिजन काढून घेतात आणि पृष्ठभागावरून हवेतला नवा ऑक्सिजन आत मुरतो. जिवाणूंचा वेग उरलेल्या घाणीच्या प्रमाणात, तर मुरण्याचा वेग ऑक्सिजनच्या पडलेल्या तुटीच्या प्रमाणात. दोन्ही एकत्र मांडले की आलेखावर ऑक्सिजनची रेषा झोळीसारखी खाली लोंबते आणि पुढे हळूहळू वर येते. झोळीचा तळ घाण टाकली तिथे नसतो, प्रवाहाबरोबर पुष्कळ खाली असतो. कोल्हापूरची घाण वाहणाऱ्या पंचगंगेत खाली तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हेच गणित आहे. त्यात बंधाऱ्याने पाणी अडलं की खळखळ थांबते आणि मुरण्याचा वेग घटतो. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं, तर जिवाणूंचा वेग सुमारे दीडपट होतो, मुरण्याचा सव्वापट, आणि पाण्यात मावणारा ऑक्सिजन ९.१ वरून ७.५ वर उतरतो. मुरण्याचा वाढलेला वेग जिवाणूंना पुरा पडत नाही, म्हणून उन्हाळ्यात झोळी आणखी खोल होते. रात्री शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण बंद पडतं, त्याचा श्वास मात्र चालूच राहतो. म्हणून पहाटे मासे तोंड वर काढून हवा घ्यायला धडपडताना दिसतात.

झोळी तळाला टेकली, म्हणजे ऑक्सिजन संपला, की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते ऑक्सिजनऐवजी पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नाल्याकाठचा सडक्या अंड्यासारखा वास तो हाच. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की चिखल काळा पडतो. नाल्याशेजारच्या घरात चांदीचे पैंजण लवकर काळवंडतात, तेही यानेच.

नद्या शुद्ध करणाऱ्या जिवाणूंच्या पावडरीच्या जाहिराती अधूनमधून दिसतात. गटार झालेल्या नदीत जिवाणूंची वाण कधीच नसते, टंचाई ऑक्सिजनची असते. आणि हेही स्पष्ट सांगायला हवं की आपल्या शहरी नद्यांवरचा सगळ्यात मोठा बोजा प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याचा आहे. ते काम पालिकांचं आहे आणि त्यांच्याकडून ते करून घेतलंच पाहिजे. पण आधीच धापा टाकणाऱ्या नदीत आपल्या पिशवीची भर का घालायची?

हे भाषणाने पटत नाही, म्हणून मी सोसायटीतल्या मुलांसमोर बाटल्या मांडतो. मिथिलीन ब्लू हा निळा रंग माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळतो. पाण्यातला ऑक्सिजन संपला की तो उडतो. ओढ्याच्या पाण्याने दोन पारदर्शक बाटल्या काठोकाठ भरायच्या, दोन्हींत रंगाचे दोन-दोन थेंब टाकायचे. एकीत चमचाभर दूधही घालायचं आणि झाकणं घट्ट लावून सावलीत ठेवायच्या. दुधाच्या बाटलीतला निळा रंग आधी उडतो आणि पाणी गढूळ पांढरं दिसू लागतं. मग थोडं पाणी ओतून देऊन बाटली जोरात हलवायची. हवा मिसळते आणि निळा रंग परत येतो. मुलं पुन्हा पुन्हा हलवून बघतात. झाल्यावर हात मात्र साबणाने धुवायला लावा.

तेच निर्माल्य कुंडीत, झाडाच्या आळ्यात किंवा सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात टाकलं, तर तिथेही जिवाणू तेच काम करतात. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा खेळती असते, लिटरला २७० मिलिग्रॅमवाली. अधूनमधून वरखाली करत राहिलं तर वास येत नाही, आणि झेंडूच्या पाकळ्या काही आठवड्यांतच ओळखू येईनाशा होतात.