चॅप्लन्सी

चर्चच्या बाहेर, म्हणजे हॉस्पिटल, जेल, बंदर, सैन्य, कॉलेज, एअरपोर्ट अशा ठिकाणी जाऊन तिथल्या माणसांना सोबत करायची जी ख्रिस्ती सेवा आहे तिला चॅप्लन्सी म्हणतात आणि ती करणारा तो चॅप्लेन. पॅरिशच्या फादरकडे किंवा पाळकाकडे लोक आपणहून येतात, चॅप्लेनला लोकांकडे जावं लागतं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात येशू सांगतो की आजाऱ्याला, तुरुंगातल्याला भेटलात म्हणजे मलाच भेटलात, सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

नावामागे चौथ्या शतकातल्या संत मार्टिनची गोष्ट आहे, रोमन सैनिक असताना थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा अर्धा कापून दिला म्हणे, पुढे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या फ्रँक राजांकडे तो झगा (लॅटिनमध्ये कॅपा) जपून ठेवलेला असायचा आणि तो सांभाळणारे पुरोहित ते कॅपेलानी, त्यावरूनच चॅप्लेन.

इंग्लंडमध्ये 1952 च्या कायद्याने प्रत्येक जेलला चॅप्लेन लागतोच, आणि आता तिथे हिंदू, मुस्लिम, शीख चॅप्लेनही काम करतात. अमेरिकेत अँटन बॉइसेन हे स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले पाद्री, त्यांनी 1925 मध्ये वुस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पेशंटमध्येच आणून शिकवायला सुरुवात केली, पुस्तकाइतकंच माणूसही वाचता आलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता आणि तो मला फार पटतो.

आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे बंदरातलं काम, कारण कोकणात आणि गोव्यात कितीतरी घरांतला कुणी ना कुणी बोटीवर असतो. मिशन टू सीफेअरर्स ही खलाशांसाठीची ख्रिस्ती संस्था 1856 पासून आणि कॅथलिकांचं स्टेला मारिस 1920 पासून (सुरुवात ग्लासगोला) हेच करतंय. कंटेनरचं जहाज धक्क्याला काही तासच थांबतं, महिनोन् महिने पाण्यावर असलेल्या पोराला खाली उतरायलाही वेळ मिळत नाही, मग चॅप्लेनच हेल्मेट घालून, पिशवीत सिमकार्डं नि लोकरीच्या टोप्या घेऊन गँगवे (जहाजावर चढायची शिडी) चढतो. धर्म कोणता हे विचारायचं नाही, आधी घरी फोन लागला का ते बघायचं. पगार थकला असेल तर युनियनशी गाठ घालून द्यायची, कुणी वारलं असेल तर नुसतं शेजारी बसायचं. प्रचार करायला तो आलेलाच नसतो. 2020 मध्ये कोविडमुळे जहाजावर जायला बंदी होती तेव्हा चॅप्लेन सामानाच्या पिशव्या गँगवेच्या पायथ्याशी ठेवायचे आणि खालूनच हात हलवून जायचे.